हद्दीच्या बोटभर पलीकडे

रविवारी सकाळी आंघोळीनंतर आरशावरची वाफ ओसरू लागली, तेव्हा मोजणीसाहेबांना स्वतःच्या पोटावर एक भूखंड दिसला. बेंबीच्या डावीकडे, तीन बोटं वर, जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार. कड तांबूस आणि किंचित उंचावलेली. मधला भाग मात्र कापणी उरकलेल्या शेतासारखा मोकळा. तीस वर्षं इतरांच्या जमिनींच्या कडा शोधण्यात घालवलेल्या माणसाला आपल्याच देहावर एक अनोळखी कड सापडावी, यात एक उदास सौंदर्य होतं. ते न्याहाळायला त्यांना सवड मिळाली नाही, कारण त्याच क्षणी तिथे खाज सुटली.

त्यांनी खाजवलं नाही. आधी मोजलं.

"बावीस मिलिमीटर," न्हाणीघरातून त्यांचा आवाज आला. "पूर्व-पश्चिम. दक्षिणोत्तर एकवीस."

"सकाळी सकाळी काय मोजताय?" बायकोने बाहेरून विचारलं. ती शाळेत गणित शिकवत असे, आणि तिचा आवाज शेवटच्या बाकावरच्या झोपाळूला उठवण्यासाठीच घडलेला होता. दार उघडून तिने एकदा पोटाकडे पाहिलं. "अहो, हा नायटा आहे."

"नायटा कसा असेल? कड किती रेखीव आहे बघ तरी."

"नायट्याचीच असते अशी. आमच्या वर्गात दरवर्षी दोघातिघांना होतो. बुरशी असते ती, घामात आणि ओल्या कपड्यांत वाढते. तुमचा टॉवेल आधी वेगळा करा. आणि आज डॉक्टरीणबाईंकडे."

मोजणीसाहेब पांढरे पडले. रोगामुळे नव्हे. जलतरण तलावाच्या दाराशी निळ्या पाटीवर सहा नियम लिहिलेले होते आणि त्यांतला तिसरा त्यांना पाठ होता: त्वचारोग असलेल्यांना डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय पाण्यात प्रवेश नाही. पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या शंभर मीटर शर्यतीला नेमके नऊ आठवडे उरले होते.

ही शर्यत म्हणजे मोजणीसाहेबांच्या आयुष्यातली एकमेव न सुटलेली तक्रार होती. सलग सहा वर्षं त्यांचा दुसरा क्रमांक आला होता, आणि सलग सहा वर्षं पहिला आला होता तो त्यांच्याच कार्यालयातला हेडक्लार्क, ज्याला सगळे पाठीमागे 'मगर' म्हणत. फिरता चषक मगरीच्या टेबलावर असे आणि त्यात पेनं ठेवलेली असत. जावक नोंदवहीवर सही करायची तर त्याच चषकातलं पेन उचलावं लागे. "घ्या, घ्या मोजणीसाहेब," मगर प्रेमाने म्हणे, "तुमचाच आहे समजा." सहा वर्षं मोजणीसाहेब रोज सकाळी त्या चषकात बोटं घालत होते आणि रिकाम्या ओंजळीने परत येत होते.

ते हरत तेही थोडक्यात, भिंतीजवळ. तीन फेऱ्या ते मगरीच्या बरोबरीने कापत. चौथ्या फेरीत शेवटची भिंत दिसली, की त्यांचा हात अदबीने आवरला जाई आणि तिला अगदी हलकेच, काटेकोर स्पर्श करी. भिंत ही हद्द होती. हद्दीवर जाऊन आदळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

डॉक्टरीणबाई कमी बोलत आणि बोललेलं दोनदा सांगत नसत. त्यांनी भिंगातून पाहिलं, कडेची कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली, आणि थोड्या वेळाने मान डोलावली. "बुरशीच आहे. हे मलम दोनदा लावा. जागा आधी कोरडी करून. कडेवर लावा आणि कडेच्या बाहेर बोटभर लावा. डाग दिसेनासा झाला तरी पुढे पंधरा दिवस लावायचं. टॉवेल, कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवायचे. सैल सुती घाला. तलाव बंद."

"किती दिवसांत जाईल?"

"सांगितलं तसं केलंत तर शर्यतीला जाल," बाई म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्यालाही मगरीने एकदा हरवलं होतं.

आता इथे जी चूक झाली, ती दुसऱ्या कुठल्याही व्यवसायातल्या माणसाकडून झाली नसती.

मोजणीसाहेबांनी सगळं ऐकलं होतं, पण 'बोटभर' या शब्दाशी त्यांचं मन अडलं. कोणाचं बोट? आडवं की उभं? अशा मापांनी जग चाललं असतं, तर दोन भावांच्या शेतांमधला बांध रोज सकाळी वेगळ्या जागी उगवला असता. शिवाय हद्दीबाहेर जायचं म्हणजे शेजाऱ्याला आगाऊ सूचना द्यायला हवी; हे वाक्य त्यांनी तीस वर्षांत हजारो लोकांना ऐकवलं होतं. तेव्हा घरी येताच त्यांनी नकाशांवर खुणा करण्याची, पाण्याने वा घामाने न पुसणारी काळी शाई काढली, बारीक टोकाच्या पेनाने भूखंडाची हद्द आखली, बाजूला तारीख घातली, सवयीने आद्याक्षरं लिहिली आणि वर उत्तर दाखवणारा एक बाण काढला. मग मलम रेषेच्या आत, एक कणही बाहेर न सांडता, लावलं.

"झालं सीमांकन?" बायकोने विचारलं.

"वाढ झाली तर पुरावा हवा."

पुरावा आठव्या दिवशी मिळाला. आतली जमीन पूर्ण साफ झाली होती, पण तांबूस कड शाईची रेषा ओलांडून चार मिलिमीटर बाहेर पसरली होती. मोजणीसाहेबांना शत्रूविषयी एक कडवट आदर वाटला. जिथे मलम नाही तिथे तो गेला होता. अतिक्रमण करणारे असंच करतात. त्यांनी दुसरी हद्द आखली, दुसरी तारीख घातली, आणि पुन्हा रेषेच्या आत मलम लावलं. पाच दिवसांनी तिसरी आखावी लागली. आता त्यांच्या पोटावर एखाद्या टेकडीच्या नकाशासारख्या एकात एक रेषा होत्या आणि बेंबी तिच्या पायथ्याच्या विहिरीसारखी दिसत होती.

तलावावर जायला बंदी असल्याने सराव घरातच चाले. गॅलरीतल्या अरुंद बाकावर पालथं पडून मोजणीसाहेब हवेत हात मारत, आणि बायको उत्तरपत्रिका तपासता तपासता वेळ मोजे. हवा कापताना खाज सुटली, की त्यांची लय चुके आणि बाक करकरे.

"थांबा," ती म्हणाली, "एक हात पोटाकडे का जातो मधेच?"

"तो पाण्यात जाणार नाही."

"पाण्यातसुद्धा पोट बरोबरच असतं ना?"

कार्यालयात ही चुळबुळ मगरीच्या नजरेतून सुटली नाही. एके दुपारी जावक नोंदवहीवर सही करताना मोजणीसाहेब टेबलाच्या कडेवर पोट हळूच घासत असलेले त्याने पाहिले. त्याने इकडेतिकडे बघून खण उघडला आणि अर्धी दुमडलेली एक ट्यूब पुढे सरकवली.

"संकोच नको, साहेब. आपल्यात काय. तीन दिवसांत गुण. दुकानात मागितली की देतात, डॉक्टरबिक्टर काही लागत नाही."

"पण मला दुसरं मलम दिलंय..."

"गेलं का त्याने?"

पराभूत माणसाला घाईचा मोह फार लवकर पडतो. मोजणीसाहेबांनी ट्यूब घेतली.

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी खाज गेली. लाली ओसरली, कड सपाट झाली, नकाशावरून एक राज्य पुसलं गेलं. संध्याकाळी त्यांनी बाकावर सलग वीस मिनिटं हवा कापली. "बघ," ते बायकोला म्हणाले, "अनुभवी माणसाचा सल्ला." तिने ट्यूब उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मागचा बारीक मजकूर वाचला. मग ती जरा जास्तच शांत आवाजात म्हणाली, "अहो, यात स्टेरॉइड आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या आपण परत डॉक्टरीणबाईंकडे जातोय."

जायला तीन दिवस लागले, कारण मोजणीसाहेबांना जायचंच नव्हतं. चौथ्या दिवशी ते स्वतःहून बूट घालून दाराशी उभे राहिले. नायटा परतला होता, आणि या खेपेला त्याला हद्दच उरली नव्हती. कड पुसट होती, डाग विस्कटले होते, कमरेकडे दोन नव्या वसाहती वसल्या होत्या. त्यांनी रेषा आखायचा प्रयत्न केला होता. पेन कुठे टेकवावं तेच कळेना. जगात जे मोजता येत नाही त्याची भीती त्यांना पहिल्यांदाच वाटली.

डॉक्टरीणबाईंनी शर्ट वर करायला सांगितलं आणि हातातलं भिंग खाली ठेवलं.

"हे काय आहे?"

"हद्दी. तारखेनिशी."

"आणि हा बाण?"

"उत्तर."

बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. "मलम कुठपर्यंत लावत होतात?"

"रेषेपर्यंत."

"मी बाहेर बोटभर म्हटलं होतं."

"रेषेबाहेर डाग नव्हता, बाई. तिथे लावायचा मला अधिकार..."

"पोट कोणाचं आहे?"

मोजणीसाहेबांनी क्षणभर विचार केला. "माझंच."

"सगळं?"

"हो. सगळं."

"मग शेजारी कोण आहे तुमचा?" बाई पुढे वाकल्या. "डाग दिसतो तिथे बुरशी असतेच, पण ती दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. कड ही तिची हद्द नाही हो, ते तिचं चालतं पाऊल आहे. आणि ही दुसरी ट्यूब लावून तुम्ही तिला चादर पांघरलीत. लाली झाकली, खाज झाकली, खाली ती आरामात वाढली. कोणी दिली?"

त्यांनी सांगितलं. बाईंची भुवई हलली. "त्यांच्याकडे होती म्हणजे ते लावत असणार," एवढंच त्या म्हणाल्या आणि पहिलंच मलम पुन्हा लिहून दिलं. शर्यतीला सहा आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी मोजणीसाहेब भांडायच्या तयारीने कार्यालयात गेले. मगर टेबलाशी नव्हता. नकाशांच्या खोलीत, शेवटच्या मांडणीमागे, तो त्यांना सापडला. हातात फूटपट्टी होती आणि ती पट्टी विजारीच्या वरच्या बाजूने आत, मांडीच्या दिशेने गेलेली होती. त्याचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर जे होतं त्याला समाधान म्हणावं की यातना, हे ठरवणं कठीण होतं.

"हेडसाहेब!"

पट्टी कडकन मोडली.

"किती दिवस?" मोजणीसाहेबांनी विचारलं. रागाचं वाक्य ते विसरून गेले होते.

"दिवस?" मगर मांडणीला टेकला. पाण्याबाहेर तो एकदम थकलेला, पोक्त माणूस दिसू लागला. "वर्ष झालं, साहेब. लावलं की जातं, थांबवलं की येतं. आता तर लावलं तरी जात नाही. कुणाला सांगू? बायकोला म्हटलं, घामोळं आहे. तुम्हाला दिली ती शपथेवर चांगल्या मनाने दिली."

"आणि तलावात?"

"गुडघ्यापर्यंतची चड्डी घालतो."

त्या संध्याकाळी मोजणीसाहेब बाकावर पालथे न पडता नुसते बसून राहिले. तलावावरच्या रखवालदाराला, ज्याला सगळे 'शिट्टी' म्हणत, एक शब्द सांगितला की काम होणार होतं. तिसरा नियम सर्वांना सारखा होता. सहा वर्षांची हार एका वाक्यात मिटली असती.

"सांगणार?" बायकोने लाल पेन खाली ठेवून विचारलं.

ते समोरच्या दोरीवर वाळणाऱ्या स्वतःच्या एकट्या टॉवेलकडे बघत होते. "नाही," ते म्हणाले. "मला त्याला पाण्यात हरवायचंय. दारात नाही."

पुढचे सहा आठवडे भूमापन कार्यालयात दोन पोक्त पुरुष एकमेकांवर पहारा ठेवून होते. मोजणीसाहेबांनी मगरीला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे त्याला मलमाबरोबर गोळ्याही मिळाल्या आणि जे बोल मिळाले ते त्याने कोणाला सांगितले नाहीत. सकाळी भेटल्यावर नमस्काराऐवजी "लावलं?" असं विचारलं जाई, आणि "कडेबाहेर?" असा उलट प्रश्न येई. मोजणीसाहेब पहिल्यांदा रेषेबाहेर मलम लावायला निघाले, तेव्हा त्यांचं बोट काळ्या रेषेवर थबकलं होतं, जणू पलीकडून कोणी खेकसेल. कोणी खेकसलं नाही. पलीकडेही तेच पोट होतं, तशीच ऊब, तसाच श्वास. त्या दिवसापासून ते दोनदा, कोरडं करून, उदारपणे लावू लागले. तिसऱ्या आठवड्यात कडा विझल्या. पाचव्यात कातडी स्वच्छ झाली. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही दाखले दिले: संसर्गाचा धोका नाही, पोहण्यास हरकत नाही. खाली दोनदा अधोरेखित केलं होतं: मलम अजून पंधरा दिवस.

नायटा गेला, पण शाई गेली नाही. ती न पुसणारीच होती. रोज घासून ती जरा फिकी झाली, तरी तीन रेषा, तीन तारखा, आद्याक्षरं आणि बाण सगळं जागच्या जागी होतं.

शर्यतीच्या दिवशी ऊन काचेच्या छतातून पाण्यावर तुकड्यातुकड्यांनी पडलं होतं. मोजणीसाहेब पोहण्याच्या चड्डीत, खांद्यावर टॉवेल टाकून पाण्याच्या दिशेने निघाले, आणि तलाव हादरवणारी शिट्टी वाजली.

"थांबा! साहेब, थांबा तिथेच!" शिट्टी धावत आला. त्याचं बोट पोटाकडे होतं. "हे गोल गोल काय आहे? एकात एक तीन? एवढा मोठा नायटा मी जन्मात बघितला नाही!"

"नायटा गेला. हा दाखला."

त्याने दाखला वाचला, पोट बघितलं, परत दाखला वाचला. "यात लिहिलंय त्वचा स्वच्छ. आणि इथे ही चक्रं. कागदावर विश्वास ठेवू की डोळ्यांवर?"

"शाई आहे ती. हद्दी आहेत."

"सगळे तेच म्हणतात," शिट्टी म्हणाला, जरी तसं आजवर कोणीच म्हटलं नसावं. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. दोन स्पर्धक हळूच तलावाच्या लांबच्या मार्गिकांकडे सरकले. मगर काही बोलायला पुढे झाला, पण एवढ्यात प्रेक्षकांच्या गॅलरीच्या पायऱ्या उतरून बायको आली होती.

"वाचता येतं ना तुम्हाला?" तिने शिट्टीला विचारलं.

"येतं की."

"मग वाचा. मोठ्याने."

शिट्टी वाकला. मोजणीसाहेबांनी श्वास आत ओढून नकाशा सपाट केला. शिट्टीने पहिली तारीख वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचताना त्याचा आवाज खाली आला.

"आजवर कुठल्या नायट्याने स्वतःची तारीख घातलीय?" बायको म्हणाली. "सही केलीय? आणि हा बाण बघा. नायट्याला उत्तर दिशा कुठून कळणार?"

शिट्टीने बाणाकडे पाहिलं, मग दिशेसाठी खिडकीबाहेर पाहिलं, मग मोजणीसाहेबांना जरासं डावीकडे वळवलं. "आता बरोबर आहे," तो म्हणाला आणि बाजूला झाला. गॅलरीत हशा उसळला आणि त्याचं टाळ्यांत रूपांतर झालं. मोजणीसाहेब पाण्यात उतरले तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा लोक त्यांच्याकडे बघत होते.

पहिल्या फेरीत मगर पुढे होता. दुसऱ्या फेरीत मोजणीसाहेबांनी ते अंतर अर्धं केलं. खाज नसलेला मगर पूर्वीपेक्षा वेगवान झाला होता. आपणच त्याला बरं केलं, हे श्वास घेता घेता मोजणीसाहेबांच्या मनात येऊन गेलं, आणि चमत्कारिक म्हणजे त्यांना त्याचा आनंद झाला. तिसऱ्या फेरीत दोघे बरोबरीत आले. चौथी सुरू झाली. पाण्याखाली सगळं निळं आणि निःशब्द होतं. पोटाखालून तळाची काळी रेषा सरकत होती, पण ती कोणाचीच हद्द नव्हती. मग समोर भिंत उगवली, आणि तीस वर्षांची अदब त्यांच्या खांद्यांत उतरू लागली. हात आवरायला लागला.

"अहो!" गॅलरीतून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज पाणी भेदून आला. "कडेबाहेर! बोटभर बाहेर!"

त्या आरोळीचा अर्थ पाण्यातल्या दोघांनाच कळण्यासारखा होता, आणि त्या क्षणी मगर श्वासासाठी पलीकडच्या बाजूला वळलेला होता, गॅलरीकडचा कान पाण्यात. मोजणीसाहेबांच्या डोळ्यांपुढून भिंत नाहीशी झाली. ती तिथे नव्हतीच. खरी कड तिच्या पलीकडे होती, बोटभर आत, दगडात कुठेतरी. त्यांनी आवरलेला हात सोडला आणि असा लांबवला की भिंतीने त्यांना थांबवलं, त्यांनी भिंतीला नव्हे.

कडकन आवाज आला. मगरीचा हात त्यानंतर लागला.

"किती फरक?" पाण्याबाहेर तोंड काढून मगरीने धापा टाकत विचारलं.

शिट्टीने अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणली. "एवढासा. बोटभर."

मोजणीसाहेबांनी दोन्ही हात वर केले. लोकांना वाटलं, जल्लोष आहे. होताही तो, पण उजवी तर्जनी सुजत चालली होती आणि ती खाली ठेवणं त्यांना शक्य नव्हतं. मगरीने पाण्यातूनच मार्गिकांमधल्या दोरावरून वाकून त्यांना मिठी मारली, आणि तिसऱ्या नियमाच्या पाटीखाली दोन स्वच्छ कातडीची माणसं बराच वेळ हसत राहिली. घरी आल्यावर मोजणीसाहेबांनी सुजलेलं बोट मोजायला फीत शोधायला सुरुवात केली, तेव्हा बायकोने फीत आणि शाई दोन्ही कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

सोमवारी चषक मोजणीसाहेबांच्या टेबलावर होता. मगरीने त्यातली पेनं काढून, रबराने बांधून, स्वतःच्या खणात ठेवली होती. रिकाम्या चषकात आता दोन ट्यूबा उभ्या होत्या. एकीवर मोजणीसाहेबांचा लाल कागद चिकटवलेला, दुसरीवर मगरीचा निळा. अकराच्या सुमारास मगर येऊन उभा राहिला आणि सहा वर्षांत प्रथमच त्याने त्या चषकाकडे विनंतीच्या नजरेने पाहिलं.

"निळी द्या, साहेब."

"घ्या, घ्या हेडसाहेब," मोजणीसाहेब प्रेमाने म्हणाले, "तुमचीच आहे समजा."

मगरीने ट्यूब उचलली. "आता तिथे काही दिसत नाही हो. सोडून देऊ का?"

"दिसत नाही तेव्हापासून पंधरा दिवस."

"आणि कडेबाहेर नक्की किती? सगळे बोटभर बोटभर म्हणतात."

मोजणीसाहेबांनी उत्तरादाखल पट्टी बांधलेली तर्जनी पुढे केली. मगरीने ती निरखून पाहिली.

"हे तर सुजून दीडपट झालंय!"

तीस वर्षं अर्ध्या मिलिमीटरसाठी माणसांना उन्हात उभं करणाऱ्या मोजणीसाहेबांनी खुर्चीला आरामात पाठ टेकली.

"मग दीडपट लावा," ते म्हणाले.